दोनशे चौदावी पायरी

"दुखत नाही ना गं? मग आणखी एक वेढा देते," असं म्हणत कमलवन्संनी गाठ दातांत धरून आवळली. एकीकडे माझ्या शालूचा पदर, दुसरीकडे ह्यांच्या खांद्यावरच्या शेल्याचं टोक, आणि मध्ये लिंबाएवढी गाठ. कडजाईच्या डोंगराच्या पायथ्याला दगडात कोरलेल्या पादुका आहेत, तिथं आम्ही दोघं उभे होतो. चैत्राचं ऊन नऊ वाजताच चटकायला लागलं होतं.

"आता परत इथं येईपर्यंत ही सुटायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "वर देवीला पाच फेरे घालायचे, खाली यायचं, मग कमलच सोडेल. मध्येच सुटली तर जोडी टिकत नाही. आपल्या घरात आजवर कुणाची सुटली नाही."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, उद्या सुटणारच आहे.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ मुरली मला माहेरी न्यायला येणार होता. रीतीप्रमाणे आठ दिवसांसाठी. मी मात्र परत यायचं नाही असं ठरवून बसले होते. ट्रंकेच्या तळाशी माहेरच्या साड्या वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. मुरलीला तसं पत्रही धाडलं होतं, आणि पत्र आईच्या हाती पडू देऊ नको अशी त्याला शपथ घातली होती.

कारण विचाराल तर हसाल. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, सासू जाच करत नव्हती. नवरा बोलत नव्हता.

मी शिंप्याच्या घरची. आमच्या दुकानात मशीन थांबायचं पण बोलणं थांबायचं नाही. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत, हे आमच्या अण्णांचं आवडतं वाक्य. अशी मी, आणि माझी गाठ पडली विश्वंभर बोत्रे, सरकारी मोजणीदार यांच्याशी. लग्नाला अठरा दिवस झाले होते. अठरा दिवसांत ते माझ्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि खाली सहीला जागा उरली असती. "चहा झाला?" "येतो." "झोप आता." बस.

नुसतं न बोलणं मी सोसलं असतं. पण ह्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नजर भलतीकडे, आणि ओठ आपले हलताहेत. अंगण ओलांडताना हलायचे, जेवताना हलायचे. एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून हलले आणि माझ्या अंगावर काटा आला. माणूस वेडा तर नाही? आपल्यापासून लपवलं तर नाही? कुणाला विचारायची सोय नव्हती. मी ह्यांना घाबरायला लागले होते, आणि ज्याला घाबरायचं त्याच्या शेजारी रोज झोपायचं, हे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तर अशी मी, पदराला गाठ बांधून डोंगर चढू लागले.

पायऱ्या कातळात खोदलेल्या. डावीकडे कडा आणि उजवीकडे दरी, कठडा नाही की दोर नाही. सासूबाई आणि वन्सं पुढे गेल्या. त्यांचं सगळं आयुष्य त्या डोंगराशी गेलेलं, त्या शेरडांसारख्या टणाटण चढत होत्या. मला उंचीचं भय लहानपणापासून. माळ्यावर चढले तरी माझे तळपाय घामेजतात. आम्ही जोडीनं चाललो होतो, मी कड्याला लागून, हे बाहेरून. ह्यांच्या अंगावर लग्नातला काळा कोट होता. ऊन चढलं तशी नुसती वाफ होत होती, पण कोट काढायचा तर शेला काढावा लागेल, म्हणून तो तसाच. आणि ओठ हलत होते.

निम्मा डोंगर चढल्यावर एका वळणावर माझी नजर खाली गेली. गावातलं तळं वाटीएवढं दिसत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अहो," मी म्हणाले, "मला भीती वाटतेय. गरगरतंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलायचे थांबले नाहीत. नुसता हात पुढे केला, तळवा माझ्याकडे करून. गप्प बस, असा. मग मी काही करत नाही असं बघून हात खाली घेतला आणि चालू लागले.

मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. ह्या माणसाचा पाय घसरला तर मीही ह्याच्याबरोबर दरीत जाणार, आणि जाताना हा ओरडणारसुद्धा नाही. कुणाशी बांधलंय मला? मी डावा हात पदराखाली घातला. शिंप्याच्या मुलीला गाठीचं काय कौतुक? वन्संनी दातांनी आवळली होती खरी, पण अंगठ्यानं कुठे रेटलं की गाठ सैल होते हे मला सातव्या वर्षापासून माहीत. दोन-तीन पायऱ्यांत ती सुटली. शेल्याचं टोक पदरात गुंडाळून कमरेला हलकंच खोचलं. बघणाऱ्याला गाठच वाटावी असं. ह्यांना तर काही कळलंच नाही. ओठ हलवत पायरीला पायरी लावून चालत होते.

वर देऊळ लहानसं, दगडी, दाराला जाड फळ्या. मागच्या बाजूला कडा पुढे झुकलेला, आणि त्या कड्याच्या पोटाला काळी सुपं टांगल्यासारखी मोहोळं. मी सात मोजली. आग्या मोहोळं.

"हळू बोला," नारू गुरव आल्या आल्या म्हणाला. "वर देवीची मानसं हायती. घंटा वाजवायची न्हाई, अत्तर लावलेल्यानं आत बसायचं. आन् धूर तर अजाबात करायचा न्हाई. ऊद न्हाई, धूप न्हाई, उदबत्ती न्हाई. गेल्या साली एका पाव्हण्यानं बिडी वडली, त्याला झोळीत घालून खाली न्यावं लागलं."

"आम्हाला काय सांगता, आम्ही इथलेच," सासूबाई म्हणाल्या.

आता सासूबाईंचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ह्यांचं लग्न जमत नव्हतं. मुलगी बघायला जायचं आणि तिथं तोंडात मूग धरून बसायचं, मग कोण मुलगी देणार? म्हणून सासूबाईंनी कडजाईला पोत पाजळायचा नवस बोलला होता. पोत म्हणजे कापडाचा पीळ, तेलात बुडवून मशालीसारखा पेटवतात. तो पोत त्या ओच्यात लपवून घेऊन आल्या होत्या. मोहोळं त्यांना दिसत नव्हती असं नाही. पण नवस तर नवस. देवीचाच पोत आणि देवीच्याच माश्या, त्या देवीचं ऐकणार नाहीत का, असा त्यांचा हिशेब. बोटाएवढी ज्योत फक्त दाखवायची, लगेच विझवायची. आम्ही फेरे घालायला मागे गेलो, गुरव निर्माल्य टाकायला गेला, आणि सासूबाईंनी दारातच काडी ओढली.

ज्योत विझवली तेव्हाच खरा धूर झाला.

आमचा तिसरा फेरा चालू होता. देवळाच्या मागची भिंत आणि कडा यांच्यामध्ये एक माणूस सुखानं जाईल एवढीच वाट. मला जळक्या तेलाचा वास आला. मग वर काहीतरी सळसळलं. मी मान वर केली तर एका मोहोळावरून लाट गेल्यासारखी झाली, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग ते काळं सूप तळापासून सुटलं आणि आमच्यावर आलं.

आवाज कानांत नाही येत, हाडांत येतो. त्याआधी आणि त्यानंतर मी तसा आवाज ऐकलेला नाही.

पहिली माशी माझ्या कपाळाला डसली. मी किंचाळले आणि खाली बसले. पाय हलेनात. पुढच्या कोपऱ्यापाशी वन्सं दिसल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या.

"विशू, धावत ये! दार लावतोय!"

त्यांच्या मागून गुरव ओरडला, "बाईला न्हाई पळता यायचं शालूत! गाठ सोडा आन् तुमी तरी या! सोडा गाठ!"

ह्यांनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या कमरेकडे, जिथं शेल्याचं टोक खोचलेलं होतं तिथं. एवढंच. मग वन्संचं "विशू" आणि दाराच्या फळ्या आदळल्याचा आवाज एकदमच आला.

भिंतीच्या पायाशी एक दगड निखळून कपार झाली होती. ह्यांनी मला खांद्याला धरून तिच्यात रेटलं, तोंड भिंतीकडे, गुडघे पोटाशी. कोट काढला आणि माझ्या डोक्यावरून घातला, एक बाजू स्वतःच्या डोक्यावर ओढली आणि माझ्यावर पालथे पडले. शेला, पदर, शालू, सगळा गोळा आमच्यामध्ये दबला.

"हलू नकोस," कानाशी आवाज आला. "काही झालं तरी हलू नकोस. ओरडू नकोस."

अठरा दिवसांतलं त्यांचं सगळ्यांत लांब बोलणं ते.

मी हलले नाही. हलायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं, पाचावर धारण बसली होती. कोटाखाली कोंदट अंधार, एका काजाच्या भोकातून उजेडाचा दोरा. बाहेर कोटावर माश्या आदळत होत्या, फुटाणे फुटल्यासारख्या. कोट जाड होता आणि तो बहुतेक सगळा माझ्यावर होता. ह्यांच्या पाठीवर एक टेरिकॉटचा पांढरा सदरा. त्यातून काय अडणार? पाठीला डंख बसला की ह्यांचं अंग एवढंसं थरथरायचं आणि ते मला माझ्या पाठीवर कळायचं. एक. पुन्हा एक. मग दोन लागोपाठ. तोंडातून हूं की चूं नाही.

तेव्हा मला ते सुचलं आणि माश्यांच्या भयापेक्षा मोठं भय वाटलं.

ह्यांना वाटतंय की आपण बांधलेलो आहोत.

गुरव ओरडला तेव्हा ह्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं होतं. वन्संनी दातांनी आवळलेली गाठ, ती सोडायला वेळ नाही, असं वाटलं असणार. म्हणून राहिले बिचारे. बांधलेला बैल दावं तोडून जात नाही तसे. आणि गाठ तर नाहीच. ती मीच सोडलीय. मी नुसतं एवढं सांगितलं की झालं, हा माणूस उठेल आणि दाराकडे पळेल. वाचेल.

आणि मी एकटी राहीन.

मी बोलले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मुलींनासुद्धा नाही. ह्यांचं अंग थरथरताना मोजत होते आणि बोलत नव्हते. मला जगायचं होतं. ज्याला उद्या सोडून जायचं ठरवलं होतं त्याच्या पाठीआड दडून मी जगायला बघत होते.

ह्यांनी माझा उजवा हात शोधला. दगडावर दाबून धरला. थोड्या वेळानं माझी करंगळी दाबली. मी म्हटलं, कळवळून दाबली असेल. बऱ्याच वेळानं शेजारचं बोट दाबलं. मग मधलं. त्यांचं तोंड माझ्या कानाला लागलेलं होतं, ओठ हलत होते, आणि पहिल्यांदाच मला त्या ओठांतला श्वास ऐकू आला. "अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर." आणि अंगठ्याशेजारचं बोट दाबलं गेलं.

मोजत होते. हा माणूस मोजत होता!

मी शहाणी, मला इतके दिवस वेड दिसत होतं. मोजणीदार माणूस, उन्हातान्हात माळावर पावलं मोजत फिरणारा. मध्ये कुणी बोललं की आकडा जातो आणि पुन्हा पहिल्या खुंटीपासून चालावं लागतं. ती सवय घरापर्यंत आली होती. अंगण किती पावलं, ताटात किती घास, छताला किती वासे. शंभराला एक बोट. दोन्ही हातांची दहा बोटं झाली की पुन्हा करंगळीपासून. मला काही न सांगता सांगत होते, की वेळ जातोय, एवढा गेला, आता आणखी एवढा जाईल.

मीही त्यांच्याबरोबर मोजू लागले. अंगाचं कापणं तेवढ्यापुरतं कमी झालं.

मग एक माशी आत शिरली. काजातून आली की कशी, देव जाणे. माझ्या गालावर उतरली आणि हळूहळू वर चालू लागली, डोळ्याकडे. मी श्वास धरला. पापणीपाशी तिचे पाय कळत होते. आता ओरडणार, आता हात मारणार, असं झालं असताना ह्यांचं बोट अगदी सावकाश माझ्या गालावर आलं आणि माशीच्या पुढे आडवं थांबलं. माशी बोटावर चढली. बोट तसंच सावकाश बाजूला गेलं. मग मूठ मिटल्याचं कळलं आणि ते अंग थरथरलं.

माझ्यानं राहवलं नाही.

"गाठ सुटलेली आहे," मी भिंतीत तोंड घालून पुटपुटले. "मीच सोडली. तुम्ही बांधलेले नाही. तुम्ही जा."

बाहेर घोंगावणं. मी डोळे घट्ट मिटले. आता पाठीवरचं वजन उठेल, उजेड येईल, आणि मग सगळं माझ्यावर येईल. मी वाट बघत होते.

करंगळी दाबली गेली.

"गप," ते म्हणाले. "आकडा चुकेल."

त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. किंवा ऐकू आलं पण उमगलं नाही. पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं. आमचा श्वास एकाच कोटाखाली फिरत होता, ह्यांच्या घामाला पिकल्या केळ्यासारखा गोडसर वास येत होता. तो घामाचा नसून डंखांच्या विषाचा होता हे मागून कळलं. तो वास कुठे आला की आजही माझा हात आपोआप शेजारी जातो.

दहा बोटं दोनदा झाली. तिसऱ्या खेपेला करंगळी झाली, अनामिका झाली, आणि मग मधलं बोट दाबलंच गेलं नाही.

मी शंभर मोजले. एकशेदहा. एकशेवीस. पाठीवरचं अंग जड झालं होतं. डंख बसत होते की नाही कळत नव्हतं, कारण ते थरथरतच नव्हतं. कानाशी श्वास होता, पण तुटक, घरघर लागलेला.

"अहो," मी म्हणाले. "अहो, एकशेतीस झाले."

उत्तर नाही. त्या क्षणी मी जितकी भ्याले तितकी पुढे दोन बाळंतपणांतही भ्याले नाही. उठावं, ओरडावं, दारावर धडका द्याव्यात असं वाटलं, आणि हललं की संपलं हेही माहीत होतं. मग मी माझा हात त्यांच्या हाताखालून काढला आणि वर ठेवला. त्यांचं मधलं बोट शोधून दाबलं. त्यांच्या कानाशी लागेल इतपत आवाजात मोजू लागले. एक, दोन, तीन. मी जन्मभर इतकी बोलले, पण इतक्या हळू आणि इतकं जीव लावून कधी बोलले नव्हते. शंभराला पुढचं बोट दाबलं. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा शंभर, अंगठा.

दुसऱ्या हाताची करंगळी दाबली तेव्हा तिनं उलट दाबलं. एवढंसं. पण दाबलं.

मी रडत रडत मोजत राहिले.

नारू गुरव आला तो ओली घोंगडी पांघरून. माश्या तोवर उठून कड्याला लागल्या होत्या. ह्यांना उताणं केलं तेव्हा मी ओळखलं नाही. डोळे नव्हतेच, नुसत्या दोन चिरा. घोंगडीची झोळी करून गुरव आणि त्याच्या वाडीतली तिघं ह्यांना खाली घेऊन निघाली. सासूबाई अनवाणी मागून चालत होत्या, "मी मेले का नाही, माझंच कर्म" म्हणत कपाळ बडवत होत्या. मी कड्याची बाजू सोडून झोळीच्या बाजूनं, दरीकडून, चाललेय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पादुकांपाशी गाठ सोडायची कुणाला आठवण झाली नाही. शेला वरच कपारीत राहिला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. कंपाउंडर चिमट्यानं काटे काढत होता आणि पितळी वाटीत टाकत होता.

"वहिनी, जरा लांब बसा. बघवणार नाही तुम्हाला."

"बघवेल," मी म्हणाले. "मोजतेय मी."

त्र्याहत्तर निघाले. मला एकूण चार डसल्या होत्या. "आजची रात्र काढली तर भीती नाही," डॉक्टर वन्संना बाजूला घेऊन म्हणाले, आणि ते मला ऐकू आलंच. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले ती पहाटेपर्यंत उठले नाही. त्यांचा श्वास आत गेला की तो बाहेर येईपर्यंत माझा अडकून राहायचा.

उजाडता उजाडता सासूबाई चहा आणायला गेल्या. वन्संना डुलकी लागली होती. ह्यांच्या सुजलेल्या ओठांतून आवाज आला.

"पाणी."

चमच्यानं पाजलं. चार चमचे. मी बोलकी बाई, पण मला काही बोलावंसं वाटत नव्हतं. तरी एक गोष्ट गळ्यात अडकली होती आणि ती काढल्यावाचून माझी सुटका नव्हती.

"वर मी तुम्हाला एक सांगितलं," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं नसेल. ती गाठ…"

"दोनशे चौदा."

"काय?"

"दोनशे चौदाव्या पायरीला सोडलीस."

माझ्या हातातला चमचा वाटीत पडला. वन्संनी झोपेत कूस बदलली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शेला हलका लागला."

"मग बोलला का नाहीत?"

एकेक शब्द दगड उचलल्यासारखा येत होता. "तू सोडलीस. तुझ्या मनात नसेल. मी काय बोलणार?" मग, "टोक खोचलेलं होतं नुसतं. मी मागेपुढे झालो असतो तर पडलं असतं. आईनं बघितलं असतं. तुला बोलली असती. म्हणून तुझ्या पायरीला पायरी लावत होतो."

म्हणजे त्या पायरीपासून देवळापर्यंत, आणि देवळाभोवतीचे तीन फेरे, हा माणूस माझी चोरी झाकायला माझ्या पावलानं चालला होता. आणि गुरव ओरडला तेव्हा माझ्या कमरेकडे बघितलं ते मोकळी गाठ बघितली होती. दार किती लांब आहे हेही त्यांनी मोजलेलं असणार.

"दार किती पावलं होतं?" मी विचारलं.

"अकरा."

मी तोंडावर पदर दाबला. आवाज होऊ नये म्हणून.

"दोनशे अकराला तू म्हणालीस भीती वाटते," ते म्हणाले. "मी हात दिला. घेतला नाहीस."

"मला वाटलं गप्प बस म्हणताय."

"धर म्हणत होतो."

मुरली दुपारच्या गाडीनं आला. दवाखान्याच्या ओट्यावर मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत म्हणाला, "शालनताई, पत्र मिळालं. अण्णांना काही सांगितलेलं नाही. पण आता ह्या परिस्थितीत… तू म्हणशील तसं. तुझ्या साड्या घेतल्यास ना सगळ्या?"

"चार दिवसांनी ये," मी म्हणाले. "आणि ते पत्र जाळून टाक. नको, फाड. धूर नको करू."

तो वेड्यासारखा बघत राहिला.

चार दिवसांनी तो पुन्हा आला आणि रीत म्हणून मी माहेरी निघाले. हे एस.टी. स्टँडवर पोचवायला आले. सूज उतरत होती, एक डोळा अजून अर्धाच उघडत होता. लोक वळून बघत होते. मी खिडकीपाशी बसले, हे खाली उभे. मुरली म्हणाला, "काही बोलायचंय का दाजी?" ह्यांनी मान हलवली, नाही. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गुरगुरली.

ह्यांनी दोन्ही हात वर केले. एका हाताची पाचही बोटं, दुसऱ्याची तीन. माहेरपणाचे आठ दिवस.

मी खिडकीतून हात बाहेर काढला. त्यांच्या तीन बोटांतलं एक खाली दुमडलं. मग दुसरं. मग तिसरं. गाडी हलली तसे ते बरोबर चालू लागले, माझ्या खिडकीला खांदा लावून, आणि राहिलेला पंजा तसाच वर धरून. मी त्यातलीही दोन बोटं दुमडली.

तीन राहिली. तेवढ्यात गाडीनं वेग घेतला आणि मला पुढचं बोट गाठता आलं नाही. नाहीतर मी तिथंच उतरले असते.